शिंप्याचा खून

नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत दुपारी पुरुष नोटांच्या प्रेसमध्ये आणि मुलं शाळेत असत. तेव्हा मी सासूबाईंना रहस्यकथा वाचून दाखवायची. मोतीबिंदूमुळे त्यांना अक्षर दिसत नव्हतं. एरवी आमचं बोलणं भाजीतल्या मिठापुरतं; गोष्टीत खून पडला की मात्र त्या सरकून जवळ बसायच्या.

एकदा रद्दीवाल्याकडून मी जुनं रहस्यकथेचं पुस्तक आणलं. कुठल्याशा लायब्ररीने कव्हर काढून त्याला पुठ्ठा बांधला होता. बंद दुकानात एक शिंपी मरून पडलेला. आम्ही अगदी रंगात आलो आणि मध्यावर सगळंच बिघडलं. डिटेक्टिव्हचं नाव बदललं. ब्रह्मचारी माणूस, त्याला बायको निघाली. शिंप्याला सोडून तो लाँचमधून सोन्याच्या मागे लागला. पानांचे आकडे ओळीने बरोबर होते. मी चक्रावले.

"वेषांतर केलं आसंल त्यानं," सासूबाई म्हणाल्या. येवल्याकडचं त्यांचं बोलणं ठाम असे. "मागं नव्हता का गोसावी झाला? बायको बी खोटी हाय."

मला ते पटलं! शेवटी सोनं सापडलं, शिंपी राहिलाच. "पण त्याला मारला कोनी गं?" असं त्या भाकरी थापतानाही विचारायच्या.

पुढे रद्दीत दुसरी एक गोष्ट मिळाली. तीत तीच लाँच, तीच बायको, पार त्यांच्या लग्नापासून. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. बाइंडरने दोन पुस्तकांची अर्धी अर्धी पानं एकत्र शिवली होती. आता शिंप्याचं पुस्तक शोधायचं, तर त्याचं नावच माहीत नाही. मग दिसेल ते रहस्यमासिक, दिसेल ते पॉकेटबुक मी आणत सुटले. पलंगाखालची ट्रंक भरली. "लोक रद्दी विकतात, आमच्याकडे विकत आणतात," नवरा म्हणायचा.

अशात सासूबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं. मला आनंद झाला आणि धास्तीही वाटली. आता त्या स्वतःच वाचणार, मग दुपारी माझं काय काम? असलं मनात येतं म्हणून माझाच मला राग यायचा. देवापुढे हात जोडले तरी नेमकं काय मागावं ते कळेना.

जाड भिंगांचा चष्मा आला आणि त्याच आठवड्यात शिंपी सापडला. कव्हरवर त्याच्या गळ्यात टेप होती. पुस्तक मी ट्रंकेत ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं. अखेर त्यांच्या हातात दिलं.

पदराने भिंगं पुसून त्यांनी नाव अक्षर लावून वाचलं. मधलं पान उघडलं, ओठ हलले. मी उठले.

"कुठं चालली?"

"चहा टाकते. वाचा तुम्ही. आता दिसतंय की."

त्यांनी पुस्तक मिटलं. चष्मा काढून डबीत ठेवला.

"दिसतंय ना," त्या म्हणाल्या आणि सरकून बसल्या. "तू वाच. पयल्यापासून."

मी वाचायला लागले. पहिली दोन पानं काय वाचलं, ते मला आजही सांगता येणार नाही.