आईनं मापलेलं खळं

दगडी पाला ओळखायला आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. बांधावर, वाटेच्या कडेला, दगडाच्या खाचेत, कुठंही उगवतो. लांब दांडीवर एकच बारकं फूल येतं. विळा लागला की चार पानं तोडायची, तळहातावर चोळायची आणि रस जखमेवर पिळायचा. आमची सगळ्यांची लहानपणची गुडघे-कोपरं ह्याच पाल्यानं बरी केलेली. त्यामुळे नगरला एमएस्सीला सूक्ष्मजीवशास्त्र घेतलं आणि प्रोजेक्टला विषय शोधायची वेळ आली, तेव्हा मला फार डोकं खाजवावं लागलं नाही.

विषय असा होता, की गळवं, पुळ्या, पू करणाऱ्या जंतूंवर झाडपाल्याचा अर्क चालतो का. काष्टीजवळच्या आमच्या रानातला पाला आईनंच तोडून जुन्या लुगड्याच्या गाठोड्यात बांधून एसटीनं पाठवला. मी तो सावलीत वाळवला, दळला, अल्कोहोलमध्ये भिजवला, गाळला, आटवला. काचेच्या प्लेटमध्ये जेलीसारखा थर असतो. त्यावर जंतू पसरायचे, मधे बारकं भोक पाडायचं आणि त्यात अर्काचे थेंब सोडायचे. दुसऱ्या दिवशी बघते तर सगळीकडे जंतूंची साय धरलेली, आणि भोकाभोवती मात्र लख्ख, मोकळी गोल जागा. तिथं एकही जंतू वाढला नव्हता. मी नाचायचीच काय ती बाकी होते.

तशीच बाहेर पळाले आणि आईला फोन लावला. आई चौथी शिकलेली. तिला कळावं म्हणून म्हणाले, अगं, चंद्राला खळं पडतं ना, तसं औषधाभोवती खळं पडतं. जितकं खळं मोठं तितकं औषध जोरदार. मी रोज पट्टी लावून मापते. तिला हे इतकं आवडलं की तिनं अख्ख्या आळीला सांगितलं. बाजाराला गेली तरी तेच, माझी लेक नगरला पाल्याचं खळं मापती. मीही शेफारले. खोटं कशाला बोलू, मला मिरवायचंच होतं.

पुढं थोड्याच दिवसांनी तुरीच्या रानात तिच्या पोटरीत धसकट घुसलं. तूर कापल्यावर जमिनीत जे बुडखं राहतं ते, सुरीसारखं असतं. आईला साखर आहे. गोळी कधी घेते, कधी विसरते. साखरेच्या माणसाच्या पायाला जखम म्हणजे काय, हे मी परीक्षेत दोन पानं भरून लिहिलं होतं. फोनवर ती म्हणाली, जरा लागलंय, पाला लावलाय. माझ्या हातात प्लेटांची चवड, फोन खांद्यानं कानाशी दाबलेला. मी म्हणाले, लाव, लाव, चांगलाच आहे तो. आणि वर हसून विचारलं, मग, पडलं का खळं?

थट्टेत विचारलं हो. पण विचारलं. तेव्हा माझी जीभ झडायला हवी होती.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, पडलंय खळं, वाढतंय. मी तक्त्यात आकडे भरत होते. मला वाटलं, आई माझ्या थट्टेला थट्टेनं उत्तर देतेय. छान, म्हणाले. एवढंसुद्धा विचारलं नाही की बाई, कसलं खळं, कुठल्या रंगाचं? प्लेटवरचं खळं मोकळं असतं. माणसाच्या कातडीवर जखमेभोवती जे पसरतं ते लाल असतं, आणि ते जंतू मरत असल्याचं नाही, आत घुसत असल्याचं लक्षण असतं. पहिल्या वर्षाच्या मुलीलाही हे ठाऊक असतं. मला, प्रोजेक्टवालीला, सुचलं नाही.

सहाव्या दिवशी वडिलांचा फोन आला. ते कधी आपणहून फोन करत नाहीत. म्हणाले, तुझी आई तापानं फणफणलीय. दवाखान्याचं नाव काढलं की भांडती. म्हणती, लेकीनं सांगितलंय, औषध लागू पडतंय. तू ये. मी हातातलं होतं तसं टाकून निघाले.

आई पडवीत खाटेवर होती. पाय उशीवर ठेवलेला, त्यावर पाल्याचा हिरवा-काळा लगदा वाळून चिकटलेला, कडेनं पू येत होता. वास दारापर्यंत येत होता. लाली गुडघ्याला टेकलेली, आणि मधे काळसर पट्टा. मला बघून तापातही तिचं तोंड फुललं. उशीखालनं तिनं एक पांढरा दोरा काढला. रोज सकाळी जखमेपासून वर दोरा धरून, लाली जिथं संपते तिथं तिनं एक गाठ मारली होती. पाच दिवसांच्या पाच गाठी.

"बघ," ती म्हणाली, "रोज मापलंय. लई वाढलंय. तुज्या पट्टीच्या भायेर गेलं का न्हाई?"

मला रडू फुटलं तेव्हा तिला काहीतरी चुकल्याचं कळलं. शेजाऱ्यांच्या गाडीत घालून आम्ही तिला नगरला नेलं. वाटेत तिनं विचारलं, माजं चुकलं का गं? मी म्हणाले, तुझं नाही, माझं चुकलं, मीच लाव म्हणाले. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "मग तितं तू काय बोलू नगं. तुजं शिक्षन बंद करतील."

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून आहे, काय लावलं होतं? आई म्हणाली, कालच सुजलाय, काय न्हाई लावलं. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. दोरा माझ्या पर्समध्ये होता. मी मान खाली घातली. तिला रक्त तपासायला आत नेईपर्यंत मी तशीच उभी राहिले. आईनं सांगितलं म्हणून नव्हे. मला लाज वाटत होती, आणि भीती वाटत होती. एवढी मी भेकड आहे हे मला त्या दिवशी कळलं.

मग मात्र धीर धरवेना. डॉक्टरांच्या मागं गेले, दोरा त्यांच्या हातावर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एकेक गाठ चाचपली आणि म्हणाले, "दुसऱ्या गाठीला आणलं असतं तर बहुतेक गोळ्या-इंजेक्शनांवर भागलं असतं."

पुढचे दोन दिवस मी माणसात नव्हते. सलाईनमधून औषध जात होतं आणि मी थेंब मोजत बसायची. दर थोड्या वेळानं चादर उचलून लाली बघायची. एकदा वाटलं, मागं सरली. वडिलांना ओढत आणलं. त्यांनी वाकून बघितलं आणि चादर नीट केली. ज्या देवांना कधी हात जोडले नव्हते त्यांनाही जोडले, म्हटलं पाय राहू दे, मी आयुष्यात पुन्हा काही मागणार नाही. पुन्हा पुन्हा मनात यायचं, प्लेटमध्ये एकाच जातीचा जंतू होता, एकटा, काचेवर, आणि अर्क गाळलेला, स्वच्छ. इथं मातीतला पाला, हाताचा मळ, साखरेचं रक्त. हे मला ठाऊक होतं, सगळं ठाऊक होतं, आणि त्याचा काडीइतका उपयोग मी केला नाही. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, आतलं मांस सडलंय, थांबलो तर बाई हातची जाईल. गुडघ्याखाली पाय काढला.

आळीतल्या बायका वॉर्डात भेटायला आल्या. मी पायथ्याशी चादर घडी करत होते. बायका पायाच्या मोकळ्या जागेकडे बघायचं टाळत होत्या. एकीनं विचारलंच, अगं, लेक एवढी शिकलेली, तिनं कसं सांगितलं नाही?

आई उशीवरनं थोडी उठली. "सांगितलं हुतं की. पयल्याच दिशी म्हनली, आई, पाला-बिला लावू नगं, दवाखान्यात जा. मीच ऐकलं न्हाई."

त्या बाईनं माझ्या पाठीवरनं हात फिरवला. मी तोंड उघडलं, आणि आईनं माझ्याकडे असं बघितलं की मिटलं. ते मी आजपर्यंत उघडलेलं नाही. माझा प्रोजेक्ट पास झाला. आई वॉकर घेऊन अंगणापर्यंत येते, रान तिनं नंतर बघितलेलं नाही. आणि आमच्याकडे कुणाला काही लागलं की बायका एकमेकींना बजावतात, वेळेवर दवाखाना गाठा, बाईनं लेकीचं ऐकलं असतं तर पाय राहिला असता.

तिनं माझंच ऐकलं होतं.