रुसून जायचं घर

निपाणीच्या आमच्या देवळात जेवढे पाद्री आले, त्यांना उपदेश कसा करावा हे मिशनने शिकवलं असेल. पण उपदेशात प्रश्न विचारू नये, हे शिकवलं आप्पांनी. आम्ही ख्रिस्ती मंडळी चर्चला देऊळच म्हणत असू. देवळात कोणी प्रश्न विचारला की त्याला उत्तर मिळालंच पाहिजे, नाहीतर विचारणाऱ्याचा अपमान होतो, असं आप्पांचं ठाम मत होतं. बाकीचे सगळे माना खाली घालून बसत, म्हणून ते काम आप्पांनी स्वतःकडे घेतलं होतं. एक नवे पाद्री पहिल्याच रविवारी हात उंचावून म्हणाले, "बंधुजनहो, आपण कुठून आलो आणि कुठे चाललो आहोत?" आप्पा शेवटच्या बाकावरून उठले. "मी घरनं आलो साहेब, आन् हितनं परत घरीच जानार. बाकीच्यांचं त्येंनी सांगावं." पाद्रीसाहेबांनी पुढची सात वर्षं फक्त विधानं केली.

आप्पा तंबाखूच्या वखारीत तोलार होते. सहा दिवस तंबाखूची बोदं, म्हणजे मोठाले गठ्ठे, तोलून तोलून तिची भुकटी त्यांच्या अंगात इतकी मुरली होती, की रविवारचा धुवट सदरा घातला तरी पुढचा बाक शिंकत असे. म्हणून परगावचा पाहुणा आला की त्याला नेमकं आप्पांच्या पुढे बसवायचं, असा आमच्यात एक खोडसाळ रिवाज होता. आप्पा शेवटच्या बाकावर बसत ते नम्रतेने नव्हे. तिथून कोण आलं, कोण नाही, हे दिसतं. जो आला नसेल त्याच्या दारात ते दुपारी हजर. "देवळात दिसला न्हाईस. म्हटलं, मेलास का काय बघून यावं." तापाने फणफणलेला माणूससुद्धा त्यांच्या धाकाने उठून बसायचा, आणि मग आप्पा त्याच्या चुलीवर पेज करायला घेत. ती पेज खाण्यापेक्षा देवळात जाणं बरं, असं पुष्कळांना वाटे.

पण त्यांचा खरा दरारा होता तो लग्नांच्या बाबतीत. आमच्याकडे लग्न ठरलं की वधूवरांची नावं लागोपाठ तीन रविवारी देवळात वाचून दाखवतात आणि कोणाची हरकत असेल तर सांगा, असं विचारतात. हा रीतीपुरता प्रश्न, पण प्रश्नच. तिसऱ्या रविवारी आप्पा उठून खणखणीत आवाजात "हरकत न्हाय" म्हणत आणि बसत. मात्र तेवढे दोन शब्द बोलण्यासाठी मधल्या दिवसांत ते वराच्या गावी जाऊन येत, वखारीत खाडा आणि पदरमोड करून. तिथे ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना काही विचारत नसत. "शेजारी एकतर जळत्यात, न्हाईतर भित्यात," म्हणत. ते घरातलं कुत्रं बघत. घरधनी आत आल्यावर कुत्रं शेपूट हलवत पुढे आलं तर ठीक. कोपऱ्यात दडलं तर त्या घरात पोर द्यायची नाही. कुत्रं नसेल तर प्यायला पाणी मागत आणि घरातली बाई ते कुठल्या चेहऱ्याने आणते ते बघत. आप्पांच्या होकाराशिवाय झालेलं लग्न आमच्या लोकांना कच्चंच वाटायचं.

माझं लग्न ठरलं तेव्हा मी मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगात होते. प्लेगच्या साथीत माझी सगळी माणसं गेली आणि कोणीतरी मला तिथे आणून ठेवलं, एवढंच मला माझ्याबद्दल माहीत. त्याच साथीत आप्पांची बायको गेली होती, मूलबाळ नव्हतं. मुलगा खानापूरचा, जंगलखात्यात कारकून. बेळगावपर्यंत सर्व्हिस मोटार नुकती सुरू झाली होती. आप्पा मोटारीने गेले, पुढे आगगाडीने गेले आणि कोणाशी काही न बोलता परत आले.

तिसऱ्या रविवारी मुलगा आणि त्याची आई देवळात येऊन बसली होती. लग्न दुसऱ्या दिवशी. पाद्रीसाहेबांनी नावं वाचली, हरकत विचारली आणि सवयीने आप्पांकडे पाहिलं. आप्पा उठले.

"हरकत हाय."

हे लग्न मोडलं तर मला दुसरं कोण विचारणार होतं? मुलाच्या आईने पदर तोंडाला लावला. पाद्रीसाहेब म्हणाले, "आप्पा, मुलात काही खोट आहे का?"

"मुलगा झ्याक हाय. कुत्रं त्येच्या अंगावर उड्या मारतंय. हरकत त्येंच्याकडची न्हाय, आपल्याकडची हाय. पोरीला म्हायेर न्हाय. नाताळाला बोलवायचं कुनी? पयल्या बाळंतपनाला आनायचं कुनी? उद्या सासूसंगं वाजलं, तर रुसून जायाचं कुटं?"

"ही कायद्यातली हरकत नव्हे, आप्पा."

"नसंल. मग येवढं देऊळ बांधलंया कशापायी?"

आप्पांनी देवळात प्रश्न विचारण्याची ही पहिलीच वेळ. उत्तर मिळाल्याशिवाय ते बसेनात. पुढच्या बाकावरचे पाहुणे तेवढे शिंकत होते. मग बायकांच्या बाजूने कंपाउंडरीणबाई उठल्या. "नाताळाला माझ्याकडं येईल ती." त्या बसतात न बसतात तोच मास्तरीणबाई म्हणाल्या, बाळंतपण आपण करणार. त्यावर कंपाउंडरीणबाईंनी औषधं कोणाच्या घरात आहेत असं विचारलं, मास्तरीणबाईंनी आपल्या पाच बाळंतपणांचा दाखला दिला, आणि ज्या पोरीला तासापूर्वी कोणी नव्हतं तिच्यावरून भर देवळात भांडण लागलं. मी रडत होते आणि हसतही होते. शेवटी आप्पांनीच निवाडा केला. "नाताळ कंपाउंडरीनबाईंकडं. बाळंतपन मास्तरीनबाईंकडं. रुसून आली तर माझ्याकडं. हरकत न्हाय."

नाताळ झाले, बाळंतपणं झाली, जिची तिने हौसेने केली. रुसायचा योग मात्र येईना. नवरा मवाळ, सासू त्याहून मवाळ. दर नाताळात आप्पा मला देवळाच्या पायरीवर गाठत. "कसं चाललंय?" "बरं चाललंय, आप्पा." "भांडान बिंडान?" "नाही हो." "बरं, बरं," म्हणत, पण चेहरा उतरलेला दिसे. त्यांच्या शेजारणीने मला सांगितलं, की त्यांनी माझ्यासाठी एक बाज विणून घेतली होती, नवी वाकळ शिवून घेतली होती, आणि ती वाकळ ते दर वर्षी उन्हात टाकत.

हे मी सासूबाईंना सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. सूप बाजूला सारून म्हणाल्या, "मग भांडूया की. कशावरनं भांडायचं?" कशावरून ते दोघींनाही सुचेना. शेवटी त्यांनीच माझी पिशवी भरली, वर चार शेर तांदूळ बांधून दिले आणि म्हणाल्या, "त्यास्नी सांग, सासू लई खाष्ट हाय."

आप्पांनी दार उघडलं. "भांडून आले," मी म्हटलं. त्यांनी कारण विचारलं नाही. पिशवी घेतली, बाजेवर वाकळ अंथरली आणि चुलीपुढे बसले. त्यांनी केलेल्या आमटीत इतकं तिखट होतं, की माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या. आप्पांना वाटलं सासुरवासच आठवला. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि अजून आमटी वाढली. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरोघर जाऊन सांगितलं, "पोरगी रुसून आलीया." लोक मुलगा झाल्याचे पेढे वाटतात तेव्हाच असा आवाज लागतो.

चौथ्या दिवशी ते स्वतः मला खानापूरला पोचवायला आले. उंबऱ्याच्या बाहेरूनच सासूबाईंना म्हणाले, "आमच्या पोरीला पुन्हा दुखवायचं न्हाय." सासूबाईंनी पदर सावरला, मान खाली घातली आणि म्हणाल्या, "चुकलं माझं."

पुढे दोन वर्षांनी आप्पा गेले. आता सासूबाईही नाहीत. मुलं आपापल्या संसारात आहेत, आणि या वयात नवऱ्याशी माझं आठवड्यातून एकदा तरी खरोखरचं भांडण होतं. रागाने मी पिशवी काढते, त्यात दोन लुगडी भरते, आणि निपाणीच्या आप्पांच्या त्या दीड खोलीत आता दुसरं बिऱ्हाड आहे हे मला आठवतं. मग मी लुगडी पुन्हा घडी करून जागच्या जागी ठेवते.