तिसऱ्याचा हात

"बसत न्हाई बाई, जायलोय," असं म्हणत ते चहा उभ्यानंच प्यायचे, तोही आमच्या दारातच. कप ठेवला की निघाले. जिंतूरच्या आमच्या गल्लीत त्यांना सगळे नेव्हीवाले काका म्हणायचे. सकाळी बसस्टँड, दुपारी बाजार, संध्याकाळी पुन्हा बसस्टँड. काम काहीच नसायचं. पायाला भिंगरी लागलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील; पण काकांच्या भटकण्यात मौज नव्हती.

बांगलादेशच्या लढाईत त्यांच्या बोटीवर बॉम्ब पडले. दोन जखमी सोबत्यांना त्यांनी नदीतून काठावर ओढलं, तिथंच शत्रूनं पकडलं. लढाई संपल्यावर कैदेतून सुटले. पदक मिळालं. गावाला एवढंच ठाऊक होतं.

एका सव्वीस जानेवारीला मी शिकवते त्या शाळेत त्यांना बोलावलं. पदकाचं कौतुक झालं, टाळ्या वाजल्या. काकांनी माइक हातात घेतला, खाली ठेवला आणि फाटकाबाहेर चालू लागले. मी मागे धावले.

"काका, काय झालं?"

"दोघं काढले म्हनून पदक हाय, बाई. तिसऱ्याचा हात माझ्या हातात व्हता. काठावर बंदुका घेऊन आले, हात वर करा म्हनले. मी दोनी हात वर केले." चालणं थांबलं नव्हतं. "कोकणातला व्हता. लय हसवायचा."

"त्याच्या घरी माहीत आहे?"

"बुडाला, एवढंच."

"मग तुम्ही सांगा ना."

ते असे चिडले, की महिनाभर आमच्याकडे फिरकले नाहीत. मग एक दिवस काकू घाबऱ्याघुबऱ्या आल्या. "बाई, ह्ये एकटेच कोकणात गेले की वो!"

आठवड्यानं परतले. त्या सोबत्याचे आई-वडील केव्हाच गेले होते. धाकटी बहीण भेटली, तीही आता म्हातारी. काकांनी तिला सगळं सांगितलं.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"समदं ऐकून घेतलं. मंग इचारलं, शेवटी काही बोलला का? 'सोडू नको' म्हनला, असं सांगितलं. खोटं कसं बोलू? ती उठून आत गेली. वाटलं, आता हाकलती. तर ताट वाढून आनलं."

"जेवलात?"

"रडत रडत जेवलो."

त्यानंतर ते स्वस्थ झाले, असं नाही. फेऱ्या चालूच राहिल्या.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. दहाव्याला एक ठेंगणी म्हातारी पिशवी सांभाळत आली. पेपरातली बातमी वाचून कोकणातून रेल्वेगाड्या बदलत सेलूला उतरली होती, तिथून एसटीनं. कुणीच ओळखेना. काकूंनी विचारलं, "तुमी कोन?"

"मी त्यांची बहीण," ती म्हणाली, आणि घरच्या बायकांत जाऊन बसली.