बसला की लागलं?

आमच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात खाण्याचं काही ठेवायची सोय नाही. तिथे भावजींच्या बर्फाच्या पिशव्या राहतात. नवी नवरी म्हणून या घरात आले आणि पहिल्यांदा तो कप्पा उघडला, तेव्हा मला वाटलं, ही माणसं सरबताची फार शौकीन दिसतात. संध्याकाळी उलगडा झाला. माझे धाकटे दीर सोफ्यावर आडवे पडले होते, एक पिशवी गुडघ्यावर, एक बरगडीवर, आणि तोंडाने शीळ चालू. मी घाबरून विचारलं, "काय झालं?" तर म्हणाले, "काही नाही वहिनी. बसला."

मला वाटलं कोणी पाहुणा आलाय आणि बसलाय. मी बाहेर जाऊन बघूनसुद्धा आले.

भावजी हॉकी खेळतात, आणि हौसेने नव्हे, पोटासाठी. संघात त्यांचं काम सांगायला सोपं आणि ऐकायला वेडेपणाचं आहे. समोरच्या संघाला पेनल्टी कॉर्नर मिळाला की गोलकीपर धरून पाचच जण गोलरेषेच्या मागे उभे राहतात. बाकीच्यांना मैदानाच्या मध्यापलीकडे जावं लागतं. बाजूने चेंडू आत येतो, कोणीतरी तो अडवतो आणि त्यांचा सगळ्यात दणकट गडी तो काठीने ओढून गोलकडे भिरकावतो. शहाणा माणूस अशा वेळी बाजूला होईल. भावजी तोंडावर जाळीचा मुखवटा चढवतात आणि सरळ त्या चेंडूच्या दिशेने धावत सुटतात. काठीला लागला तर उत्तम, नाहीतर मांडी आहे, पोट आहे. गोलच्या आत मागे लाकडी फळी असते, चेंडू तिच्यावर आदळला की ठक्क वाजतं आणि गोल होतो. भावजींवर आदळला की तसाच आवाज येतो पण गोल होत नाही, म्हणून संघात त्यांना 'पुढची फळी' म्हणतात.

आयुष्यात त्यांनी एकही गोल केलेला नाही. सासूबाई सामन्याच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र उलटंपालटं करून त्यांचं नाव शोधतात आणि चष्मा काढून ठेवतात. नाव येतं ते कंगव्याचं. कंगवा म्हणजे संघाचा गोल करणारा खेळाडू. त्याच्या पिशवीत कंगवा असतो, आणि मध्यंतरात पाण्याआधी तो बाहेर निघतो. अंगाला चेंडू लागलेला त्याला खपत नाही. पण त्यांचे कोच एकदा आमच्याकडे चहाला आले तेव्हा म्हणाले होते, "गोल करणारा मला उद्या दुसरा मिळेल. हा पळत सुटला की मागच्या चौघांचे पाय थरथरायचे थांबतात. ते मला कुठून मिळायचं?" भावजी तेव्हा बशीतलं बिस्किट शोधत होते, ऐकलं नाही असं दाखवत.

तर 'बसला'चं प्रकरण असं. त्यांच्या संघात एक मालीशवाले काका आहेत. कोणाला चेंडू लागला की हे थंड पाण्याची बाटली घेऊन पळत जातात आणि एकच विचारतात, "बसला की लागलं?" बसला म्हणजे फटका बसला, पण मी खेळतोय. लागलं म्हणजे मला बाहेर घ्या, बदली पाठवा. एवढंच. दुखतंय का, किती दुखतंय, असल्या चौकशा नाहीत. आणि भावजींनी जन्मात 'लागलं' म्हटलेलं नाही. काका त्यांना विचारतातही सवयीने, उत्तर यायच्या आधीच बाटली बंद करून माघारी वळलेले असतात.

मैदानावर ठीक आहे हो, पण ती भाषा घरात शिरली. सासूबाई विचारायच्या, "लागलं का रे?" हात पुढे गेलेला असायचा त्यांचा. भावजी म्हणायचे, "नाही गं आई, बसला." सासूबाईंचा हात तसाच मांडीवर परत यायचा. मी त्यांना एकदा म्हटलं, "तुमचा मुलगा दगड आहे." त्या म्हणाल्या, "दगडाला निदान पाणी तरी घालता येतं." मला तेव्हा हसू आलं होतं, आणि नंतर बराच वेळ वाईट वाटत राहिलं.

एवढा आडदांड माणूस, पण माझ्या सुया तोच ओवून द्यायचा. माझा कपडे आल्टर करायचा धंदा आहे, घराखालच्याच गाळ्यात. पँटी आखूड करायच्या, चेन बदलायची, कोणाचं पोट सुटलं की शिवण सोडायची. संध्याकाळी भावजी सरावावरून आले की माझ्या समोरच्या स्टुलावर बसायचे आणि सुया ओवून उशीला टोचून ठेवायचे. बोटं काकडीएवढी, पण पहिल्या फटक्यात दोरा आत. आमचे हे बस चालवतात, त्यांना सुई दिली तर दोरा दोनदा चाटून परत देतात.

अंतिम सामना रविवारी होता. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी भावजी आले, स्टुलावर बसले, सुई घेतली. दोरा सुईच्या शेजारून गेला. परत शेजारून गेला. मग त्यांनी हळूच डावा डोळा मिटला आणि ओवली.

मी कात्री खाली ठेवली. "भावजी, इकडे बघा. दोन्ही डोळे उघडे ठेवून."

"बघतोय की."

"किती सुया आहेत माझ्या हातात?"

त्यांनी उगाच जास्त वेळ घेतला. "एक असणार," म्हणाले.

"असणार म्हणजे?"

मग निघालं सगळं. सरावात चेंडू मुखवट्यावर बसला होता, डोळ्याच्या खाली. तेव्हापासून सगळं दोन-दोन दिसत होतं. काकांनी विचारलं, भावजींनी ठरलेलं उत्तर दिलं.

"आणि रविवारी दोन बॉल दिसले तर?"

"त्यातला एक तर खरा असेलच ना? त्याच्यावर जायचं."

"आणि तो दुसरा निघाला तर?"

"वहिनी, तुम्ही फार पुढचा विचार करता."

मला असा राग आला की हातातली पँट मी उलट बाजूने शिवली. मी म्हटलं, तुम्ही सांगत नसाल तर मी कोचना सांगते. त्यावर भावजी शांतपणे म्हणाले, "सांगा. ते मला विचारतील, मी म्हणेन बसला. ते माझं ऐकतील." आणि ते खरं होतं. इतक्या वर्षांत त्या एका शब्दाला एवढी पत आली होती की त्याच्यापुढे माझी काय डाळ शिजणार? सांगायचं तर त्यांनीच सांगायला हवं होतं. घरात सासूबाईंना कळू द्यायचं नाही अशी शपथही मला घातली वर. आमच्या ह्यांना मात्र मी सांगितलं. ते म्हणाले, "त्याला बैलासारखा ओढून आणला तरी तो मैदानाकडेच जाणार." बस चालवणाऱ्या माणसाकडून याहून जास्त शब्दांची अपेक्षा नसते.

रविवारी सकाळी मी त्यांना दारातच अडवलं आणि सुई-दोरा पुढे केला. "दोन्ही डोळे उघडे ठेवून ओवा आणि मग जा." त्यांनी खिडकीकडे तोंड केलं, म्हणजे माझ्याकडे पाठ, आणि लगेच ओवलेली सुई परत दिली. डोळा मिटला होता हे मला काचेत दिसलं. सुई तशीच पदराला टोचून मी सासूबाईंना घेऊन मैदानावर गेले.

सामना मला कधीच धड कळत नाही, पण त्या दिवशी मी डोळ्यांत तेल घालून एकाच माणसाकडे बघत होते. कंगव्याने दोन गोल केले. मग समोरच्यांना पहिला कॉर्नर मिळाला. भावजी धावले, आणि चेंडू त्यांच्यापासून हातभर लांबून मागे गेला, त्यांच्या पाठीमागे उभ्या असलेल्या पोराच्या कानाला वारा घालून थेट फळीवर. ठक्क. गोल. शेजारची माणसं म्हणाली, त्यांचं नशीब. सासूबाई म्हणाल्या, "आज हा वाकडा का पळाला?" मी पाण्याची बाटली उघडून तोंडाला लावली, म्हणजे उत्तर द्यायला नको.

भावजी उभे राहून त्या पोराकडे बघत होते. ते पोर कान चोळत होतं. पुढे कितीतरी वेळ खेळ दुसरीकडे चालला होता आणि भावजी मधूनमधून मागे वळून त्याच्याकडेच बघत होते.

शेवटची काही मिनिटं उरली, आपल्या संघाचा एक गोल जास्त, आणि समोरच्यांना पुन्हा कॉर्नर. पाच जण गोलरेषेकडे निघाले. भावजींनी मुखवटा चढवला. तेवढ्यात ते वळले आणि मैदानाच्या कडेला उभ्या काकांना म्हणाले, "काका, लागलं."

काकांनी मान डोलावली, "शाब्बास," म्हणाले आणि बाटलीचं झाकण लावलं. त्यांच्या कानांना त्या तोंडातून तो शब्द ऐकायची सवयच नव्हती. भावजी पुन्हा म्हणाले. काकांनी अंगठा दाखवला. मग भावजींनी मुखवटा काढला आणि मैदानभर ऐकू जाईल असे ओरडले, "अहो, लागलंय. मला लागलंय."

काकांच्या हातातली बाटली पडली. बाकावरचा बदली खेळाडू एक बूट काढून पाय खाजवत बसला होता, कारण पुढच्या फळीची बदली कधी लागत नाही हे त्यालाही पाठ होतं. तो एका बुटावर उभा राहिला. पण उपयोग नव्हता. कॉर्नर दिला की तो संपेपर्यंत माणूस बदलता येत नाही, असा नियम आहे. मैदानात आहेत त्यांच्यातूनच कोणीतरी पळायचं.

संघाचे लोक एकमेकांकडे बघू लागले. आणि मध्यापलीकडून कंगवा धावत आला. तो का आला हे त्यालाही अजून सांगता येत नाही. त्याने भावजींच्या हातातून मुखवटा घेतला आणि केसांवरून तो काळजीपूर्वक खाली ओढला. भावजी त्याला म्हणाले, "डोळे मिटू नकोस. बाकी सगळं आपोआप होतं." आणि ते मध्यापलीकडे चालत गेले, तिथे जन्मात पहिल्यांदा कॉर्नर बघायला उभे राहिले.

चेंडू आत आला. कंगवा किंचाळत पळाला, हे आम्हाला वरपर्यंत ऐकू आलं. ठक्क. चेंडू त्याच्या मांडीवर आदळून बाजूच्या रेषेबाहेर गेला आणि कॉर्नर संपला. काका बाटली घेऊन धावले. "बसला की लागलं?"

कंगवा गवतावर पडला होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, केस सगळे विस्कटलेले. "बसला," तो बारीक आवाजात म्हणाला.

सामना जिंकला, पण तो मी बघितला नाही. मी सासूबाईंकडे बघत होते. त्या उभ्या राहिल्या होत्या. पर्स माझ्या मांडीवर टाकली आणि पायऱ्या उतरायला लागल्या. गेटवरच्या माणसाने अडवलं, "आजी, खाली जाता येत नाही." त्या म्हणाल्या, "माझ्या मुलाला लागलंय." तो बाजूला झाला.

भावजी कडेच्या बाकावर बसले होते. मी मागोमाग पोचले तेव्हा सासूबाईंचा तळवा त्यांच्या गालावर होता, डोळ्याच्या अगदी खाली, आणि तो एवढा मोठा माणूस मान खाली घालून बसला होता. "इथे?" त्यांनी विचारलं. "हो," भावजी म्हणाले. "फार लागलंय गं." आणि मग बराच वेळ त्या तिथेच फुंकर घालत राहिल्या. मला माझा राग आठवेना. पदराला टोचलेली सुई मात्र कुशीत टोचत होती.

डोळ्याखालचं हाड चिरलं होतं. डॉक्टरांनी खेळ बंद केला, डोळ्याला पट्टी लावली आणि सगळं जुळून येईल असं सांगितलं. भावजींनी घाबरत घाबरत कोचना विचारलं, आता माझी जागा? कोच म्हणाले, "तुझी जागा आहे. पण आता तू बसला म्हणालास तर मी दोनदा विचारणार." दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात नाव कंगव्याचंच आलं, फोटोसकट, केस विस्कटलेले. त्याने तो फोटो कोणाला दाखवू नका म्हणून आमच्याकडे निरोप पाठवला. आमच्या ह्यांनी तो कापून फ्रीजच्या दारावर लावला.

आता पट्टी निघाली आहे. काल संध्याकाळी भावजी गाळ्यात आले, स्टुलावर बसले, सुई उचलली. मी शिवणाकडे बघायचं सोंग केलं. दोन्ही डोळे उघडे होते. दोरा पहिल्या फटक्यात आत गेला. आनंदाच्या भरात ते ती सुई उशीला टोचायला गेले आणि स्वतःच्या अंगठ्यात टोचून घेतली.

"आई," ते जिन्याकडे तोंड करून ओरडले, "लागलं."

हल्ली हे असंच चालतं. दाराला कोपर लागलं तरी ओरडा, चहाने जीभ पोळली तरी ओरडा. शब्द नवीन शिकलेत ना. वरून चपला वाजायला लागल्या. सासूबाईंचे गुडघे दुखतात, जिना त्या एरवी कोणासाठी उतरत नाहीत.

"येतेय," त्या वरूनच म्हणाल्या. "हात लावू नकोस त्याला. मी बघते."