वळणावर हँडल फिरवू नका!

माझ्या डाव्या पायावरून एकदा मोटारसायकल गेली. त्या वेळी ती मोटारसायकल मीच चालवत होते.

हे मला डॉक्टरांना तीनदा सांगावं लागलं. पहिल्यांदा ते म्हणाले, "म्हणजे कुणीतरी धडक दिली." दुसऱ्यांदा म्हणाले, "म्हणजे तुम्ही पडलात." तिसऱ्यांदा त्यांनी पेन खाली ठेवलं, खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, "आता मला नीट सांगा. केसपेपरसाठी नाही, माझ्यासाठी."

तर नीट सांगते.

मी पत्रकं लिहिते. नांदेडला आमची अपंगांच्या हक्कांसाठी लढणारी छोटी संघटना आहे. पायऱ्या असलेली आणि उतार नसलेली कार्यालयं, उतार असलेली पण त्यावर कुंड्या मांडून ठेवलेली कार्यालयं, अशा सगळ्यांचा जाहीर निषेध करणं हे माझं काम. माझ्या पत्रकात उद्गारचिन्हं इतकी असतात, की छापखानेवाला दर वेळी विचारतो, "ताई, थोडी कमी करू का? कागदाला भोकं पडतील."

माझी आत्या मुखेडला आमच्याच घरी राहते. लहानपणी पोलिओ झाला आणि डावा पाय गेला. गावातल्या गावात ती हातानं दांडा फिरवायच्या तीनचाकी सायकलवर फिरते. परकर आणि ब्लाउज शिवते आणि नायगावच्या, बिलोलीच्या आठवडी बाजारात नेऊन विकते. नेतो कोण? माझे वडील, बापू. आत्या त्यांची थोरली बहीण. आपल्या मोटारसायकलवर मागे बसवून ते तिला बाजारात सोडतात आणि त्यांना वाटेल तेव्हा उचलून आणतात. बाजार ऐन भरात आलेला, बाया परकरांवर तुटून पडलेल्या, आणि बापू किल्ली वाजवत उभे. "अक्का, उरक! मला पाणी सोडायला जायचंय!"

असं वीस वर्षं चाललेलं. जाहीर निषेध!

मी घरात आंदोलन केलं. दोन दिवस बापूंशी बोलले नाही. (त्यांना ते आवडलं असावं, कारण तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "संपलं का?") शेवटी ते वैतागून म्हणाले, "घे बाई माझीच गाडी. लाव तिला तीन चाकं. पण लायसनच्या परीक्षेत अक्का नापास झाली, तर मागची दोन चाकं निघणार आणि गाडी पुन्हा माझी. परत विषय न्हाई!"

"मंजूर!" मी म्हणाले. "शिकवणार मी!"

आत्या ब्लाउजचं काज करत होती.

नांदेडच्या गफूरमिस्त्रींनी गाडी बनवली. मागचं एक चाक काढून रुंद आसाला दोन चाकं, गिअर पायाऐवजी हाताशी, मागे गाठोडं ठेवायला जाळी. रीतसर परवानगी, कागदपत्रं, शिक्के सगळं झालं. तोवर मी रिकामी बसले नव्हते. मी एक पत्रक काढलं होतं. 'तीनचाकी मोटारसायकल कशी चालवावी?' त्यातला मुद्दा क्रमांक चार ठळक अक्षरात होता: वळणावर हँडल फिरवू नका! गाडी झुकवा! ती आपोआप वळते!

आता तुम्ही विचाराल, मी तीनचाकी कधी चालवली होती का? नाही. पण आठ वर्षं स्कूटर चालवत होते. एक चाक जास्त म्हणजे अनुभव कमी कसा पडेल? पाचशे प्रती छापल्या. वाटल्या. एक गठ्ठा तर थेट लायसनच्या कार्यालयात देऊन आले, वर पत्र जोडून: 'जनहितार्थ'.

गाडी मुखेडला आली त्या दिवशी बापूंनी तीन लिंबं आणली.

"कशाला?"

"चाकाखाली."

मी तिथेच अंधश्रद्धेवर दहा मिनिटं बोलले. बापूंनी लिंबं खिशात टाकली. "ठीक हाय. संध्याकाळी सरबत करू."

पहिला धडा बाजाराच्या मैदानावर. बाजार नसला की ते मैदान मोकळं असतं. एका टोकाला कुणाचा तरी कडबा रचलेला होता, बस्स. आत्या आपल्या हातसायकलवर बसून कडेला थांबली. मी म्हणाले, "आत्या, आधी मी दाखवते. नीट बघ."

"बघून राहिले."

मी गाडी सुरू केली, दुसरा गिअर टाकला, वेग घेतला. कडबा समोर उजवीकडे होता, मला डावीकडे वळायचं होतं. पत्रकातल्या मुद्दा क्रमांक चारप्रमाणे मी डावीकडे झुकले. मी झुकले, गाडी झुकली नाही! ती पाटासारखी सपाट. मी आणखी झुकले, डाव्या हाताने दाब दिला, आणि गाडी उजवीकडे वळली. मी घाबरून आणखी दाबलं. ती आणखी उजवीकडे! गाडीला जणू माझ्याशी तात्त्विक मतभेद होते. मी जितकी डावी होत होते तितकी ती उजवी. पुढच्या क्षणी मी कडब्यात होते.

बापू धावत आले. "अगं डावीकडं न्यायची होती ना?"

"डावीकडंच नेत होते!"

"मग उजवीकडं कशी आली?"

खरं सांगू? तोच प्रश्न मलाही पडला होता. केसातला कडबा काढत मी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. हँडल सरळ होतं. डावीकडे केलं की चाक डावीकडे, उजवीकडे केलं की उजवीकडे. गाडी शहाणी होती. मग वेडं कोण?

मी गफूरमिस्त्रींना फोन लावला आणि कडक आवाजात सांगितलं, "मिस्त्री, तुमची गाडी उलटी वळते. याची लेखी तक्रार होऊ शकते."

पलीकडे ते चहा पीत असावेत. फुर्रकन आवाज आला. "ताई, उद्या सकाळी तुमची स्कूटर रिकाम्या रोडावर घ्या. जरा स्पीडात. मग डावा हात हँडलवर ठेवून हलकंच पुढं ढकला. एवढुसंच हां. मग मला फोन करा."

"पुढं ढकलल्यावर चाक उजवीकडे जाईल. मी उजवीकडे पडेन."

"पडलात तर फोन करू नका," ते म्हणाले.

सकाळी मी नायगाव रस्त्याला स्कूटर काढली. वेग घेतला, डावा हात हलकाच पुढे ढकलला. स्कूटर डावीकडे गेली! पुन्हा ढकलला. पुन्हा डावीकडे! उजवा ढकलला, उजवीकडे! मी रस्त्यावर एकटी ओरडत होते, "अरे! हे असं हाय?" एक दुधवाला मोटारसायकल थांबवून बघायला लागला. मी त्यालाही तसं करायला लावलं. तो दोन्ही बाजूंना कॅन लटकवून नागासारखा डुलत गेला आणि लांबून ओरडला, "खरंच की ओ!"

आठ वर्षं माझे हात हे करत होते आणि मला पत्ता नव्हता! दोन चाकांची गाडी वेगात असली की आधी हँडल नकळत उलटं ढकललं जातं, त्याने गाडी झुकते आणि झुकली की वळते. तीन चाकांची झुकतच नाही. तिथे जो हात ढकलाल त्याच्या विरुद्ध बाजूला ती इमानदारीत जाते. म्हणजे जिकडे जायचं तिकडे हँडल फिरवायचं. बस्स! जे पाच वर्षांच्या मुलाला कळतं, ते मी पाचशे प्रती छापून नाकारलं होतं.

मिळाली तेवढी पत्रकं मी गुपचूप परत गोळा केली. आत्याने विचारलं, "वाया का घालवतेस? दे इकडं." तिने त्यांच्यावर ब्लाउजचं माप आखून कागद कापायला सुरुवात केली.

दुसरा धडा. या वेळी गफूरमिस्त्री साखळी ताणून द्यायला स्वतः आले होते. मी गाडीवर बसले, गेले आणि हँडल फिरवून डावीकडे वळले. वळले! बाहेरच्या बाजूला फेकल्यासारखं झालं, तर मिस्त्री ओरडले, "ताई, तुम्ही आत झुका, गाडीला झुकवायला जाऊ नका!" तसंही केलं. उजवीकडे वळले. पूर्ण फेरी मारली. बापूंच्या चेहऱ्यावर चक्क कौतुक. मी एक हात सोडून आत्याला दाखवला, विजयाने तिच्यापाशी आले, वेग कमी केला आणि थांबताना, आठ वर्षांच्या सवयीने, डावा पाय जमिनीवर टेकवला.

तीन चाकांची गाडी थांबताना पडत नाही. तिला पायाची गरज नसते. पण माझ्या पायाला हे कुणी सांगावं? गाडी अजून सरकत होती. मागचं डावं चाक आलं, टाचेवर चढलं आणि पावलावर येऊन थांबलं.

"आई गं!"

"पुढं घे!" बापू ओरडले.

"पुढं नका, मागं घ्या!" मिस्त्री ओरडले.

"मागं गिअर कुठं हाय?" मी ओरडले.

"मग उतर की!"

"कशी उतरू? पाय गाडीखाली हाय!"

"कुणाच्या?"

"माझ्याच!"

बापू आणि मिस्त्रींनी मिळून चाक उचललं. मी जमिनीवर बसले, पाय हातात घेऊन. बापूंनी खिशात हात घातला, काहीतरी चाचपलं आणि अगदी शांतपणे म्हणाले, "लिंबू ठेव म्हणलो होतो." मग त्यांचा आवाज बदलला. "अक्का, न्हाई व्हायचं हे. जिला येतंय तिचं असं झालं, तुझं काय होईल? चाकं काढू मिस्त्री?"

पायापेक्षा ते जास्त लागलं. माझ्यामुळे आत्याची गाडी जात होती.

"थांब बालाजी," आत्या बापूंना म्हणाली. "मला बसू दे एकदा."

तिने हातसायकल गाडीला लावली, सरकून गाडीवर बसली, पदर खोचला. हाताने गिअर टाकला आणि निघाली. मैदानाच्या टोकाशी तिने वळणाच्या कितीतरी आधी वेग कमी केला, खांदा आतल्या बाजूला नेला, आतला हात ओढला, बाहेरचा ढकलला. गाडी कडब्याला वळसा घालून अशी आली, जशी दारातून म्हैस घरी येते. फेरी, उलटी फेरी, कडब्याभोवती आठ. आमच्यासमोर येऊन थांबली. पाय जागच्या जागी.

मी दुखणं विसरले. "आत्या! हे कुठं शिकलीस?"

"शिकायचं काय त्यात? गळ्याची गोलाई शिवताना मशीन जोरात पळवतं का कुणी? आधी हळू, मग वळव, मग पळव." तिने हातसायकलकडे बोट दाखवलं. "आन तीन चाकं मी तीस वर्षं चालवून राहिले. ती कुठं झुकती का?"

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस का?" आत्या म्हणाली. "तू तर पत्रक वाटून राहिली होतीस."

गफूरमिस्त्रींनी तोंड फिरवून साखळी तपासायला घेतली. ती एकदा तपासून झाली होती.

महिन्याने परीक्षा. मैदानावर चुन्याने मोठा आठ आखलेला. आत्या गाडीवर ताठ, केसात गजरा, नवीन, इस्त्री केलेली साडी. शेजारी मी. डाव्या पायाला प्लास्टर, काखेत कुबडी, चेहरा ओढलेला. बापू लांब झाडाखाली उभे. त्यांच्या खिशात पाना होता, मी पाहिला.

परीक्षा घेणारे साहेब आले. भला माणूस. त्यांनी आत्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "मावशी, तुम्ही जरा उतरा. यांना बसू द्या. या ताई, घाबरू नका. सावकाश करा."

"साहेब, अर्ज माझा हाय," आत्या म्हणाली. "ती शिकवायला आलीय."

साहेबांनी माझ्या प्लास्टरकडे पाहिलं. "शिकवायला?"

"हाव. काय करायचं न्हाई ते."

आत्याने चुन्याच्या रेषेलगत आठ काढला. सावकाश, रेष न पुसता, कपड्याला कडेची शिलाई मारावी तसा. साहेबांनी जागेवर सही केली. बापू झाडाखालून आले. त्यांनी पाना खिशात खोल सरकवला आणि विचारलं, "अक्का, नायगावच्या बाजारातून परत कधी येशील?"

"बाजार उठल्यावर," आत्या म्हणाली.

मी डोळे पुसत होते. साहेबांचा भलताच गैरसमज झाला. ते माझ्यापाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, मन छोटं करू नका. तुम्हीसुद्धा अशी गाडी घ्या, अर्ज करा. आणि हे वाचा. कुणीतरी फार मनापासून लिहिलंय." त्यांनी फाइलमधून एक कागद काढून माझ्या हातात दिला.

मुद्दा क्रमांक चार ठळक अक्षरात होता.

मी त्याच्या चार घड्या घालून तो पिशवीत टाकला आणि म्हणाले, "धन्यवाद साहेब." आयुष्यात पहिल्यांदा, उद्गारचिन्हाशिवाय.