सुमनचं नाव

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काही केलं असेल तर मटार सोलले. दुपारचं ऊन अंगावर घेत, दारात बसून, दोन किलो. सुमन दाणे पातेल्यात टाकत होती, मी तोंडात. एरवी तिनं हातावर चापट मारली असती. त्या दिवशी मारली नाही, म्हणजे राग गेला नव्हता.

"अहो, तो कागद उद्या कलेक्टरकडे जाणार आहे. त्याआधी जाऊन माझं नाव काढून या."

"एका नावानं काय होतंय?"

"जन्मभर तुम्ही काही नाव काढलं नाहीत. आता माझं तरी काढा."

मी हसलो. ती हसली नाही. चहा ठेवते म्हणून आत गेली आणि काहीतरी पडल्याचा आवाज आला. मी पोचलो तोवर सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाला, हृदय बंद पडलं.

मी तिसरी शिकून तेही विसरलेला माणूस. अमरावतीकडून भोपाळला आलो, कारखान्यात वेल्डर म्हणून जन्म काढला. लग्न झालं तेव्हा पगाराला अंगठा लावत होतो. सुमन सातवी पास. तिनं मला पाटीवर सही शिकवली. म्हणाली, "अंगठा झोपलेल्या माणसाचाही घेता येतो. सही जागेपणी करायची असते." माझं नाव जमल्यावर तिचंही लिहायला शिकवलं. तेच पुढे नडलं.

एकतीस वर्षं तिनं मला डबा दिला. संध्याकाळी घरी आलो की आधी डबा उघडून बघायची, मग माझ्या तोंडाकडे. भाजी उरलेली दिसली की विचारायची, "आज कुणाशी भांडलात?" कधी चुकली नाही.

मऊ बाई नव्हती. एकदा आमच्या बाग सेवनिया वस्तीत, आमच्याच गल्लीत, सायकलचोर सापडला. लोकांनी खांबाला बांधून बडवला. ही तांब्या घेऊन गर्दीत शिरली, त्याला पाणी पाजलं, आणि पाजून झाल्यावर तिनंच त्याचा कान धरला, "आता बोल मेल्या, सायकल कुठाय?" लोक म्हणाले, काकी, आधी लाड कशाला केले? तर म्हणे, "पाणी पाजलं म्हणजे माफ केलं असं नाही."

मागच्या ओळीत गुड्डी राहायची. अकरा वर्षांची. आईची नोकरी सकाळची, म्हणून शाळेत जायच्या आधी गुड्डी आमच्याकडे यायची आणि सुमन तिच्या दोन वेण्या घालायची. त्या पोरीला गल्लीतल्याच कूलर दुरुस्त करणाऱ्यानं मारून टाकलं. कसं, ते मी सांगणार नाही. कंगव्यात तिचे केस होते. सुमननं तो कंगवा ना धुतला, ना कुणाला हात लावू दिला. रोज डबा घेऊन गुड्डीच्या आईकडे जायची, तिला दोन घास भरवायची आणि मगच परत यायची.

ती तिकडे असतानाच गल्लीतले लोक कागद घेऊन आले. त्याला फाशी द्या, असं वर लिहिलेलं. मी सही केली. खाली जागा होती, तर सुमनचंही नाव लिहून टाकलं. मला वाटलं, विचारायचं काय त्यात?

दुसऱ्या दिवशी गुड्डीची आई तिच्या गळ्यात पडली, "काकी, आपने भी लिख दिया." सुमन घरी आली ती पांढरी पडून.

"तिच्यासमोर खोटी पाडलंत मला. नाही म्हणायला तोंड उघडेना."

मी ओरडलो, "गुड्डी आपली नव्हती का?"

"होती. म्हणून तो मरेपर्यंत आत सडू दे. रोज उठून तिला आठवू दे."

"फाशी सरकार देतं. तू नाही देत."

"सरकार येतं का खटका ओढायला? ओढतो कुणीतरी पगारी माणूस. त्याची बायको त्या सकाळी उठून त्याला डबा देणार. काय भाजी द्यावी तिनं, सांगा. आणि संध्याकाळी डबा उघडून काय बघावं?"

 

ती गेली त्याच्या दुसऱ्या सकाळी नागपूरहून मुलगा आला. अंगणात बांबू येऊन पडले. मी चपला घातल्या.

"बाबा, आत्ता कुठे?"

"आलो. तोवर हिला हलवायचं नाही."

गुड्डीच्या आईनं दार उघडलं आणि मला बघून रडायला लागली. सह्यांचे कागद कलेक्टरकडे न्यायला तिच्याकडेच ठेवले होते, खाटेवरच होते. मी सांगितलं, सुमनचं नाव मी लिहिलं होतं, तिला नको होतं, काढायला आलोय. इतकी वर्षं शेजारी राहून तिला मराठी कळते. तिचं रडणं थांबलं.

"काकी उसके लिए भी रोती थीं क्या?"

"उसके लिए एक आँसू नहीं," मी म्हणालो. "सब गुड्डी के लिए."

 तिनं पेन पुढे केलं. मी सुमनच्या नावावर रेघ मारली. रेघ वाकडी आली. वरच माझी सही होती.

"आपका?"

"रहने दो."

खोटं कशाला लिहू? मला अजून वाटतं, तो लटकावा. आणि अजून त्या खटका ओढणाऱ्याच्या बायकोच्या भाजीचं उत्तर सापडत नाही.

निघताना तिनं आतून सुमनचा डबा आणून दिला. घासलेला, रिकामा. शेजारचा डबा रिकामा परत करू नये म्हणतात, सुमननं तर कधीच केला नाही. माझी तक्रार नाही.

घरी आलो. डबा ओट्यावर ठेवला. सगळे थांबले होते. मी खाली वाकलो, तिच्या कानाशी तोंड नेलं.

"काढलं नाव," म्हणालो. "तुझं."