हिजामाला पहिल्यांदा येणाऱ्या बाया

दवाखान्यात फोन उचलायच्या कामाला लागले तेव्हा वाटलं होतं, दिवसभर नंबर लावायचे, दुसरं काय. सात वर्षांत अपॉइंटमेंटच्या रजिस्टरपेक्षा किस्सेच जास्त साचले.

आमचा दवाखाना अकोल्यात, जुन्या शहरात, फक्त बायांचा. डॉक्टर नसीम बाजी, म्हणजे नसीमताई, तिथे हिजामा करतात. पाठीवर कप लावायचे, बारीक चिरा द्यायच्या, थोडं रक्त ओढून घ्यायचं. आमच्या माळीपुऱ्यातल्या म्हाताऱ्या याला तुंबड्या म्हणतात. बाजींसाठी ती सुन्नत आहे, पैगंबरांनी घालून दिलेली रीत. बिस्मिल्ला म्हटल्याशिवाय त्या कपाला हात लावत नाहीत. पहिल्यांदा येणाऱ्या बाईला आदल्या दिवशी फोन करून तयारी सांगायची, हे माझं काम.

*

बाळापूरच्या एका काकूंना मी सांगितलं, यायच्या आधी तीन तास काही खाऊ नका. काकू अगदी वेळेवर आल्या. पोट रिकामं आहे ना, असं बाजींनी विचारलं.

"हो तं. उपास धरला," काकू म्हणाल्या. "फक्त साबुदाण्याची उसळ खाल्ली."

तीन तास बाकावर बसवलं त्यांना. रिकामं बसवेना, म्हणून त्यांनी बाजींच्या घरून मेथी मागवली आणि दोन जुड्या निवडून दिल्या. तेव्हापासून मी फोनवर उपासाचंही खायचं नाही, असं बजावून सांगते.

*

हिजामाला चंद्राच्या महिन्यातल्या सतरा, एकोणीस, एकवीस या तारखा चांगल्या मानतात. अमरावतीच्या एका शिक्षिकेला मी नुसतंच "सतरा तारखेला या" म्हटलं. त्या ऑगस्टच्या सतराला आल्या, एसटीने, अर्ध्या दिवसाची रजा टाकून. चूक माझी होती. मी तोंड पाडून बाजींना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "दर्द को कहाँ तारीख मालूम रहती," आणि बाईंना आत घेतलं.

त्या दिवशी मी घरी कॅलेंडर काढून बसले. या तारखा बहुतेक संकष्टीच्या आगेमागेच पडतात! आता आमच्याकडच्या बायांना मी तसंच सांगते. कोणी चुकत नाही. आणि बाजी मला विचारतात, "सुनीता, तेरी चतुर्थी कब है?"

*

एक महिला हवालदार आल्या होत्या, उंच, खणखणीत आवाजाच्या. 'रक्त पाहून चक्कर येते का?' या फॉर्मवरच्या प्रश्नापुढे त्यांनी मोठ्या अक्षरात 'नाही' लिहिलं. बाजींनी कपांचं पाकीट फोडलं आणि मॅडमनी माझा हात धरला, तो शेवटपर्यंत सोडला नाही. माझ्या दोन बांगड्या फुटल्या. त्यांचं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून मी म्हटलं, तुमी तं अपघात पाहता, पंचनामे करता.

डोळे मिटूनच त्या म्हणाल्या, "ते दुसऱ्याचं रक्त असते ना बाई."

*

मूर्तिजापूरच्या एका मावशींनी फोनवर सांगितलं, मले कोणतीच गोळी चालू नाही. दवाखान्यात पिशवीतून चष्मा काढताना गोळ्यांची पट्टी खाली पडली. हृदयाच्या ऑपरेशननंतरची, रक्त पातळ ठेवायची. बाजींनी सरळ नाही म्हटलं. चीर दिली तर रक्त थांबणार नाही. मावशींना रडू आलं. गुडघे ठणकतात, दोन गाड्या बदलून आली, आणि तुमी परत पाठवता. बाजींनी त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहून दिली आणि मावशींना आमच्यासोबत जेवायला बसवलं.

पुढच्या महिन्यात मावशी पुन्हा आल्या, वांग्याची भाजी घेऊन. अजूनही दर महिन्याला येतात. आमच्या सगळ्यात जुन्या पेशंट त्याच, आणि त्यांना आजवर एकही कप लागलेला नाही.

*

त्या मावशींपासून बाजी गोळ्यांचं दोनदा विचारतात.

अकोटहून एक सून आली होती. नाव बदलून सांगते, रुखसाना. दोन मुलींची आई, मान दुखून बेजार. सोबत सासू, आणि नवरा दारापर्यंत. दारातूनच त्याने बाजींना विचारलं, हिजामाने मूल राहते का? दोन पोरी आहेत, धाकटीला तीन वर्षं झाली, आता पोरगा पाहिजे. सासूबाईंनीही मान डोलावली. बाजी म्हणाल्या, तसा शब्द मी देत नाही, आज मानेचं पाहते. मग त्यांनी त्याला खाली थांबायला सांगितलं आणि दार लावलं.

काही गोळ्या चालू आहेत का, बाजींनी विचारलं. रुखसाना नाही म्हणाली. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हाही नाहीच म्हणाली, पण ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. बाजींनी समजावलं, लपवलं तर त्रास तुलाच होईल. मला अंदाज आला. मी सासूबाईंना म्हटलं, अम्मी, बाहेर चला, पाणी देते.

त्या उठल्या नाहीत.

"घेते ती," त्या बाजींना म्हणाल्या. "मूल न होयाच्या गोळ्या. तांदळाच्या डब्यात ठेवते."

रुखसानाचा चेहरा पांढराफटक पडला. बाजींनी हळूच विचारलं, "आपको मालूम था?"

सासूबाईंनी सुनेची ओढणी तिच्या बोटातून सोडवली आणि नीट खांद्यावर टाकली.

"ईदच्या गडबडीत तिच्या संपत आल्या होत्या," त्या म्हणाल्या. "मंग मीच आणून ठेवल्या."